ऑरेगनच्या अरण्यांतील एक ओढा

मत्स्य ह्या प्राण्याशीं आमच्या घराण्याचा संबंध आजवर दोनच ठिकाणीं आला होता. एक दशावतारांच्या आरंभीं आणि दुसरा अमरकोशांत. लहानपणीं वडिलांनीं वारिवर्ग पाठ करून घेतला, तेव्हां माशांचीं नांवें घडाघडा म्हणून दाखवितां येत. परंतु शफरी कोणती आणि रोहित कोणता, हें समोर आणून ठेविलें असतें तरी सांगतां आलें नसतें. अशा माणसानें साठीच्या उंबरठ्यावर सातासमुद्रांपलीकडे जाऊन एका माशाविषयींचें संशोधन दिवसभर उभें राहून पाहावें आणि वर त्याजवर लेख लिहावा, ह्याचें वाचकांस आश्चर्य वाटेल. मलाहि वाटलें. परंतु त्या दिवशीं जें पाहिलें त्यानें तेहतीस वर्षांपूर्वीं माझ्या हातून घडलेल्या एका गोष्टीवर प्रकाश पडला. आणि तशीच गोष्ट आपल्याकडे अत्यंत चांगल्या हेतूनें आजहि घडत असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे चिरंजीव अमेरिकेच्या ऑरेगन संस्थानांत कॉर्व्हॅलिस नांवाच्या गांवीं नोकरीस आहेत. मी शाळेंतून निवृत्त झाल्यावर २०१९ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं आम्हां उभयतांना तिकडे नेलें. गांव लहान, टापटिपीचें, विद्यापीठामुळें गजबजलेलें. शेजारच्या घरीं राहणाऱ्या एक प्रौढ बाई त्या विद्यापीठांत ओढ्यांतील जीवसृष्टीचा अभ्यास करणाऱ्या मंडळींपैकीं होत्या. सूनबाईंनीं श्रावणांत त्यांच्याकडे पुरणपोळ्या पाठविल्या आणि स्नेह जडला. एके सायंकाळीं त्या म्हणाल्या, "सप्टेंबरच्या आरंभीं आम्ही रानांत माशांची शिरगणती करण्यास जातों. आपल्याला पाहण्यास यावयाचें आहे काय?" मी उत्तर देण्यापूर्वींच आमची आठ वर्षांची नात उडी मारून उठली. "आजोबा, चला ना!" मग मी निघालों, नात निघाली, आणि "पाण्यांत उतरूं नका, गुडघे आहेत कसे तुमचे" असें बजावीत घरांतील मंडळीहि निघाली.

कॉर्व्हॅलिसहून दक्षिणेस यूजीन शहर लागतें. तेथून पूर्वेस वळून मॅकेंझी नदीच्या कांठाकांठानें कॅस्केड पर्वताच्या पश्चिम उतारावर चढावयाचें. दोन तासांच्या सुमारास ब्लू रिव्हर हें खेडें मागें टाकून आम्ही एच्. जे. अँड्र्यूज प्रायोगिक अरण्यांत पोंचलों. लुकआउट नांवाच्या ओढ्याचें सगळें खोरें, म्हणजे सुमारें ६,४०० हेक्टर रान, १९४८ मध्यें तेथील सरकारी वनखात्यानें प्रयोगासाठीं राखून ठेविलें. १९५३ मध्यें त्यास होरेस अँड्र्यूज ह्या दिवंगत वनाधिकाऱ्याचें नांव दिलें गेलें. ह्या रानाचे कांहीं भाग मुद्दाम तोडून पाहिले आहेत आणि कित्येक भागांस कुऱ्हाड लाविलेलीच नाहीं. दोहोंची तुलना वर्षानुवर्षें करीत राहावयाची, हाच तेथील उद्योग.

न तोडलेल्या भागांत शिरतांच बोलणें आपोआप थांबलें. डग्लस फर, हेमलॉक आणि तांबडा सीडर ह्यांचे सत्तर सत्तर मीटर उंचीचे खांब उभे. त्यांतील कित्येक झाडें पांचशें वर्षांचीं. म्हणजे इकडे पैठणास एकनाथमहाराजांचा जन्म झाला त्याच्या आगेंमागें तिकडे हीं अंकुरलीं. पाऊस सखल भागांत वर्षाला सुमारें २,३०० मिलिमीटर, वरच्या अंगास ३,५०० च्या घरांत. म्हणजे जवळजवळ आपल्या कोंकणाएवढाच. फरक असा कीं, तो बहुतेक सगळा नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. खोडांवर, खडकांवर, जमिनीवर बोटभर जाडीचें हिरवें शेवाळ. मला तर आमच्या गांवच्या देवराईंतच आल्यासारखें वाटलें. फक्त नारळ फोडण्याची जागा तेवढी दिसत नव्हती.

ज्या ओढ्यावर काम चाललें होतें त्याचें नांव मॅक. तो लुकआउट ओढ्यास मिळतो आणि त्याचें पाणी पुढें ब्लू, मॅकेंझी, विलामेट आणि कोलंबिया ह्या नद्यांतून प्रशांत महासागरास जातें. खरें सांगावयाचें तर प्रथमदर्शनीं माझी निराशा झाली. ओढ्यांत जिकडे तिकडे प्रचंड ओंडके आडवेतिडवे पडलेले. कांहीं दोन माणसांच्या कवेंत न मावणारे. त्यांच्याआड फांद्या, पाला, गोटे अडकलेले. पाणी कोठें ओंडक्याखालून, कोठें वरून उडी घेऊन वाट काढीत होतें. मनांत आलें, एवढा श्रीमंत देश, एवढीं यंत्रें, आणि हा ओढा साफ करण्यास कोणास सवड नाहीं? मी तसें बोलूनहि दाखविलें. बाई हंसल्या आणि म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत थांबा. मग हाच प्रश्न पुन्हां विचारा."

काम मोठें शिस्तीचें. ओढ्याचा ठराविक लांबीचा तुकडा दोन्ही टोकांस जाळीं लावून बंद करितात. एकाच्या पाठीवर विजेची घटमाला, हातांत दांडी. पाण्यांत मंद प्रवाह सोडला कीं मासे क्षणभर भोंवळून वर येतात आणि बरोबरचे लोक ते अलगद जाळींत टिपतात. आमच्या घरांतील मंडळींना हें रुचलें नाहीं. "अहो, मुक्या जिवाला वीज कसली लावतात?" असें त्यांनीं मला विचारलें व मीं तें बाईंना विचारलें. त्यांनीं बादली पुढें केली. मासे गुंगीच्या औषधाच्या पाण्यांत घालून मोजतात, तोलतात आणि शुद्धीवर आले कीं ज्या डोहांतून काढले तेथेंच सोडून देतात. १९८७ पासून दरवर्षीं ही मोजणी होत आली आहे. एका लहानशा ओढ्याचा एवढ्या वर्षांचा जमाखर्च आहे हें ऐकून मला आमच्या शाळेंतील हजेरीपटांची आठवण झाली.

मासा म्हणजे ट्राउट. वीतभर लांबीचा, सोनेरी झांक असलेला, अंगभर काळे ठिपके, आणि जबड्याखालीं दोन्ही बाजूंस शेंदरी रंगाची रेघ, जणूं कोणीं गळा चिरला आहे. त्यावरूनच इंग्रजींत त्याचें नांव कटथ्रोट पडलें. शास्त्रीय नांवांत मात्र क्लार्क ह्या प्रवाशाचें स्मरण ठेविलें आहे. १८०४ ते १८०६ ह्या काळांत लुईस व क्लार्क हे दोघे अमेरिकेचा पश्चिम भाग ओलांडून प्रशांत महासागरापर्यंत गेले, त्यांतील हा क्लार्क. माशांबरोबर पालीच्या आकाराचा सॅलॅमँडर नांवाचा एक उभयचर प्राणीहि पुष्कळ मिळाला. त्याचीहि मोजणी होते. तो पाहून आमच्या मंडळींनीं पदर तोंडाला लाविला. नातीनें मात्र त्याचें नामकरण करून टाकिलें.

दुपारीं एका ओंडक्यावर बसून फराळ करितांना बाईंनीं ह्या माशाच्या गरजा समजावून सांगितल्या. पहिली गरज थंड पाण्याची. १० ते १५ अंश उष्णतेचें पाणी त्यास मानवतें. पंचविशीच्या पुढें गेलें कीं जिवावर बेततें. कारण सोपें आहे. पाणी जितकें थंड तितका त्यांत प्राणवायु अधिक विरघळतो. १० अंशांवर एक लिटर पाण्यांत सुमारें ११ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो, तोच २५ अंशांवर ८ च्या आसपास येतो. आणि गंमत अशी कीं, ऊन पाण्यांत माशाची भूक व श्वास मात्र वाढतो. म्हणजे खर्च वाढला आणि उत्पन्न घटलें. दुसरी गरज स्वच्छ खड्यांची. मादी वसंतांत खड्यांत खळगा करून अंडीं घालते व खड्यांनींच झांकते. खड्यांच्या फटींतून पाणी खेळत राहिलें तर अंडीं जगतात. बारीक गाळानें फटी बुजल्या कीं गुदमरतात. तिसरी गरज आसऱ्याची, म्हणजे डोहाची. पुरांत वाहून न जाण्यास, उन्हाळ्यांत पाणी आटलें असतां तग धरण्यास आणि शत्रूपासून लपण्यास डोह हवा.

आणि अन्न? तें बव्हंशीं झाडेंच पुरवितात. पाला व सुया पाण्यांत पडतात, त्यांवर सूक्ष्म बुरशी चढते. मग एका जातीचे किडे तो पाला कुरतडतात, दुसरे त्याचे कण गाळून खातात, तिसरे दगडांवरचें शेवाळ खरवडतात, चौथे ह्या सर्वांना खातात, आणि मासा शेवटीं बसलेला. एक किडा तर लहान लहान खडे व काड्या चिकटवून स्वतःभोंवतीं नळी बांधून राहतो. नातीनें तो तळहातावर घेतला तेव्हां मला तो चालतेंबोलतें घरकूल वाटला. ह्याखेरीज उन्हाळ्यांत फांद्यांवरून टपकणारे मुंग्या, भुंगे, अळ्या हेंहि त्याचें मोठें अन्न. ओढा हा रानाचाच एक अवयव आहे, असें त्या दिवशीं मला उमगलें.

मग मी माझ्या बुद्धीप्रमाणें निष्कर्ष काढला, "म्हणजे जितकी सावली अधिक तितके मासे अधिक." बाईंनीं मान हालविली. खालीं १९६० नंतरच्या दशकांत तोडलेल्या रानांतून हाच ओढा वाहतो. तेथें आजवरच्या मोजण्यांत ट्राउटचें वजन जुन्या रानांतील भागापेक्षां अधिकच भरलें आहे. ऊन आलें, दगडांवर शेवाळ वाढलें, किडे वाढले, मासे पोसले. आणि ओढा उंचावरचा असल्यामुळें पाणी फारसें तापलें नाहीं. परंतु हा लाभ टिकाऊ नसतो. तोडलेल्या जागीं एकदम उगवलेलीं सारख्या वयाचीं झाडें कांहीं दशकांत इतकीं दाट होतात कीं, त्यांची सावली जुन्या रानापेक्षांहि गडद पडते. जुन्या रानांत मधून मधून एखादा वृक्ष कोसळतो, खिंडार पडतें, तेथून ऊन येतें. ऊन आणि सावली दोन्ही हवींत, आणि तीं कालांतरानें आपल्या जागा बदलीत राहावींत, अशी ही व्यवस्था.

उलट बाजूचा दाखला त्यांनीं ऑरेगनच्याच किनारी डोंगरांतला दिला. आल्सी नदीच्या खोऱ्यांत तीन लहान ओढे निवडून १९५८ च्या सुमारास अभ्यास सुरू झाला. एकाचें रान तसेंच राखलें, एकाचें तुकड्यातुकड्यांनीं कांठ सोडून तोडलें, आणि नीडल ब्रँच नांवाच्या तिसऱ्याचें १९६६ मध्यें पाण्याच्या कडेपर्यंत साफ केलें. तोडीपूर्वीं त्याचें वर्षांतील कमाल उष्णमान १४ अंशांच्या आसपास असे. तोडीनंतरच्या वर्षीं तें २९ वर गेलें. तेथील कटथ्रोट ट्राउट पूर्वीच्या सुमारें एकतृतीयांशावर आले. कांठ राखलेल्या ओढ्यांत असा अनर्थ झाला नाहीं. १९७१ मध्यें ऑरेगनानें वनतोडीचा कायदा केला, त्यामागें ह्या अभ्यासाचाहि हात होता.

ह्यानंतर त्यांनीं जें सांगितलें तें ऐकून माझा घास हातांत राहिला. साधारणतः १९५० पासून पुढें तीसएक वर्षें तेथील वनखातें व मत्स्यखातें ओढ्यांतील ओंडके काढून टाकीत असत. हेतु असा कीं, ओंडक्यांनीं माशांची वाट अडते, पूर आला असतां ते पुलांवर आदळतात. ओढा मोकळा व स्वच्छ असावा. मैलच्या मैल ओढे ह्या बुद्धीनें साफ केले गेले. पुढें १९७० नंतर ह्याच रानांतील संशोधकांनीं मोजून पाहिलें तेव्हां ध्यानांत आलें कीं, डोंगरी ओढ्यांतील डोह बहुतेक ह्या ओंडक्यांनींच केलेले असतात. ओंडका पायरीसारखा आडवा पडतो. पाणी त्यावरून पडून खालीं डोह खणतें. वरच्या अंगास खडी आणि पाला थोपून राहतो, वेग मोडतो. ओंडका काढला कीं खडी वाहून जाते, पाला थांबत नाहीं, डोह बुजतो आणि ओढ्याची पन्हळ होते. मासे तेथें राहणार कशाच्या आधारावर?

वाचकहो, आतां माझी गोष्ट. १९८६ सालीं मी रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत नवा मास्तर म्हणून लागलों होतों. देवराईच्या कडेनें एक पऱ्ह्या वाहात असे. त्यांत एक जुनें जांभळीचें खोड आडवें पडलेलें होतें आणि त्याच्या खालीं डोह होता. वैशाखापर्यंत त्यांत पाणी राही. बायका धुणीं धूत, गुरें पाणी पीत, मुलें लहान लहान मासे पाहात बसत. मला तरुणपणाचा उत्साह. श्रमदानाचा दिवस ठरविला, चाळीस मुलें व गांवकरी जमविले, खोड तोडून ओढून काढिलें, कांठचीं करंजाचीं झुडपें छाटलीं आणि ओढा आरशासारखा केला. देवराईचा वृद्ध गुरव काठी टेकीत आला व एवढेंच म्हणाला, "मास्तर, देवाचं लाकूड आहे तें. असूं द्या तिथंच." देवराईंतील वाळलेली काटकीहि घरीं नेऊं नये हा तेथील नेम. मीं त्यास चारचौघांत अंधश्रद्धेवर व्याख्यान ऐकविलें. मुलें हंसलीं. तो कांहीं न बोलतां गेला. तालुक्याहून मला शाबासकी मिळाली.

दोन पावसाळ्यांत डोह खडीनें भरला. पुढें चैत्रांतच पऱ्ह्या कोरडा पडूं लागला. त्यास दुसरींहि कारणें असतील. वरच्या डोंगरावर तोड झालीच होती. परंतु डोह गेला तो मीं खोड काढिल्यावर, हें मी जाणून होतों, आणि तेहतीस वर्षें तें कोणाजवळ बोललों नव्हतों.

तें मीं त्या ओंडक्यावर बसून मोडक्या इंग्रजींत बाईंना सांगितलें. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे वडील वनखात्यांत होते. ओढे साफ करणाऱ्या टोळीवर ते मुकादम होते. मीं हा विषय कां घेतला असें लोक विचारतात, तेव्हां मी हें सहसा सांगत नाहीं." नंतर आम्ही दोघांनींहि तो विषय काढला नाहीं. संध्याकाळीं निघतांना त्यांनीं विचारलें, "सकाळचा प्रश्न पुन्हां विचारणार काय?" मी म्हणालों, "नाहीं. उत्तर मिळालें."

आतां तिकडे उलट गंगा वाहात आहे. ज्या ओढ्यांतून ओंडके काढिले त्यांतच यंत्रांनीं, प्रसंगीं हेलिकॉप्टरनें, ते पुन्हां नेऊन टाकीत आहेत. १९९४ च्या वनयोजनेनें त्या भागांतील सरकारी रानांत मासे असलेल्या ओढ्याच्या प्रत्येक कांठास निदान ३०० फूट रान राखावें असें ठरविलें. आणखी एक गोष्ट पाहिली ती विसरतां येत नाहीं. १९८५ मध्यें मार्क हार्मन ह्या संशोधकानें ह्याच अरण्यांत पांचशेंवर ओंडके मांडून ते कसे कुजतात ह्याची पाहणी सुरू केली. तिची मुदत दोनशें वर्षें. आरंभ करणाऱ्यास शेवट दिसणार नाहीं, त्याच्या नातवासहि नाहीं. आपल्याकडे आजोबांनीं आंबा लावावा आणि नातवानें फळ खावें असें म्हणतात. हे तर खापरपणतूसाठीं वही उघडून बसले आहेत.

पुढें ५ ऑगस्ट २०२३ रोजीं तेथें वीज पडून वणवा पेटला आणि ह्या अरण्याचा सुमारें ७० टक्के भाग त्यानें व्यापिला. चिरंजिवांनीं कळविलें तेव्हां घरांत सुतक आल्यासारखें झालें. बाईंनीं मात्र निरोप धाडला कीं, वणवा हाहि त्या रानाच्या आयुष्यांतला एक अध्याय आहे. आतां जळकीं झाडें पाण्यांत पडतील, ऊन येईल, गाळ येईल. काय होतें तें मोजावयाचें. दुःख करीत बसण्यापेक्षां मोजणी बरी, ही वृत्ति मला आवडली.

ट्राउट आपल्या सह्याद्रींत होणें नाहीं. इंग्रजांनीं तो १९०० च्या सुमारास काश्मिरांत आणि पुढें निलगिरींत आणून सोडला तो तेथील थंड पाण्यामुळें. परंतु ओढा, झाड आणि मासा ह्यांचें नातें इकडेहि तेंच आहे. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहांतील मासे देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं, आणि तेथें ते आजहि सुखानें आहेत. गुरवाचें शास्त्र पोथींत नव्हतें, एवढ्यावरून तें शास्त्र नव्हे असें मीं मानिलें, ही माझी चूक. मात्र प्रत्येक ओंडका पूज्य असेंहि नव्हे. पुलाच्या मोरीशीं किंवा घरांच्या वर अडकलेलें लाकूड काढलेंच पाहिजे. रानांतल्या ओढ्यास मात्र हात लावण्यापूर्वीं, तें तेथें काय काम करीत आहे, एवढें विचारून पाहावें.

२०२२ च्या पावसाळ्यांत आमच्या त्या गांवीं पऱ्ह्याच्या कांठचा उंबर आडवा पडला. तरुण मंडळी तो जेसीबीनें ओढणार असें कळतांच मी एस्टीनें गेलों आणि १९८६ ची हकीकत, गुरवास काय बोललों तें सुद्धां, सर्वांसमक्ष सांगितली. गुरव वारून वीस वर्षें झालीं. त्याचा मुलगा सभेंत होता. त्यानेंच उंबर राहूं द्यावा असें सुचविलें. पुढच्या वर्षीं मुलांनीं कांठावर करंजाचीं रोपें लाविलीं. उंबराखालीं आतां कमरेएवढा डोह झाला आहे. गेल्या खेपेस फाल्गुनांत त्यांत पाणी होतें. मासे मात्र अद्याप माझ्या दृष्टीस पडले नाहींत. नात दर वेळीं विचारते, "आजोबा, आले का?" मी सांगतों, "अजून नाहीं. मोजणी चालू आहे."